‘साखर बंद’ म्हणजे नेमके काय बंद? मधुमेहींच्या हाती आहारतक्ता देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील रुग्णालयांचे व्यवस्थापक, मधुमेहतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांस,

विषय : मधुमेही रुग्णांना दिला जाणारा छापील आहारतक्ता

सप्रेम नमस्कार.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालेली, सांगली जिल्ह्यात राहणारी ६१ वर्षांची गृहिणी आहे. गेली ११ वर्षे मला टाइप २ मधुमेह आहे. ज्या रुग्णालयात मी दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते, तिथे दर बुधवारी सकाळी एक आहारतज्ज्ञ बाई बसत असत. त्यांच्या खोलीबाहेर नेहमी गर्दी असे, आणि आत गेल्यावर त्या पहिला प्रश्न विचारत तो असा : “घरी स्वयंपाक कोण करतं?” मागच्या तपासणीला गेले तेव्हा ती खोली बंद होती. काउंटरवरच्या मुलीने बिलाला टाचलेला एक गुळगुळीत रंगीत कागद माझ्या हाती दिला आणि सांगितले, “मॅडम आता येत नाहीत. यात सगळं दिलंय.”

त्या कागदावर दोन रकाने आहेत. लाल रकान्याचे शीर्षक ‘बंद’ : साखर, गूळ, भात, बटाटा, केळे, आंबा, चिकू, सीताफळ, द्राक्षे. हिरव्या रकान्याचे शीर्षक ‘चालेल’ : ज्वारी, बाजरी, नाचणी, ओट्स, ब्राउन ब्रेड, मारी बिस्किटे, खाकरा, भगर, शुगर-फ्री मिठाई. मागच्या बाजूला पानभर, ‘मधुमेहींसाठी खास’ म्हणून दुधात कालवून घ्यायच्या एका पावडरीची जाहिरात आहे. संपूर्ण कागदावर आकडा असा एकच आहे, आणि तो त्या पावडरीच्या कंपनीचा फोन नंबर आहे.

रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण असाच कागद माझ्या नणंदेला पुण्यात आणि शेजारच्या काकांना कोल्हापुरात मिळालेला मी पाहिला आहे. कागदाचा रंग बदलतो, रकाने तेच राहतात. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना आहे.

नोकरीची ३४ वर्षे मी खिडकीमागे बसून पाकिटे तोलली. २० ग्रॅमपर्यंत एक दर, त्यावर ग्रॅमभर जरी वजन गेले तरी पुढचा दर. पाकिटात लग्नपत्रिका आहे की कोर्टाची नोटीस, हे काट्याला कळत नाही. शरीराचे तसे नाही. ते दोन्ही विचारते, किती आहे आणि कशाचे आहे. आपला कागद यांपैकी पहिला प्रश्न विचारतच नाही आणि दुसऱ्याचे उत्तर अर्धवट देतो. माझ्या तक्रारी या एका मुद्द्यातूनच निघतात.

पहिली तक्रार ‘साखर बंद’ या दोन शब्दांविषयी आहे. रुग्ण त्याचा अर्थ ‘गोड बंद’ असा घेतो, आणि जे गोड लागत नाही ते निर्धोक असे धरून चालतो. वास्तविक आपण सर्वजण जाणता की पिष्ट (स्टार्च) ही ग्लुकोजचीच लांबलचक साखळी असते, ती आतड्यात तुटली की तिचे निव्वळ ग्लुकोज होते. चहातल्या साखरेचा निम्माच भाग ग्लुकोजचा असतो, उरलेला फ्रुक्टोजचा, आणि फ्रुक्टोज रक्तातली साखर तितकी चढवत नाही. म्हणूनच कर्बोदकांचे वजन सारखे ठेवून मोजले, तर पांढरा पाव हा साखरेपेक्षा रक्तशर्करा जास्त वाढवतो. याचा अर्थ साखर खावी असा मुळीच नाही. पण चहातला एक चमचा म्हणजे ५ ग्रॅम साखर लाल रकान्यात आणि त्याच चहाबरोबरची चार मारी बिस्किटे, ज्यांत १६ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आणि शिवाय साखरही असते, ती हिरव्या रकान्यात, ही विभागणी कोणत्या हिशेबाने केली? आमच्या भिशीतल्या सात मधुमेही बायकांपैकी पाच जणी बिनसाखरेच्या चहात बिस्किटे बुडवून खातात आणि आपण पथ्य पाळतो असे मनापासून मानतात. त्यांचा दोष नाही. त्यांना तसे लिहून दिलेले आहे. गुळाला लाल रकान्यात टाकलेत हे मात्र उत्तम केलेत, कारण ‘गूळ नैसर्गिक असतो’ म्हणून रोज दोन खडे खाणारी माणसे आमच्या या उसाच्या पट्ट्यात घरोघरी आहेत.

दुसरी तक्रार प्रमाणाविषयी आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात, ज्वारीत ६८, नाचणीत ६७, गव्हाच्या पिठात ६४ आणि बाजरीत ६२. चोथा (फायबर) तांदळात ३ ग्रॅमहून कमी आणि बाकीच्या धान्यांत १० ते ११ ग्रॅम आहे, हा फरक मोलाचा आहे आणि भाकरीची बाजू त्यामुळे उजवी ठरते, हे मला मान्य आहे. पण ‘भात बंद, ज्वारी चालेल’ असे वाचणाऱ्याला यातून काय समजते? भाताला हात लावायचा नाही, भाकरी मात्र पोटभर. मी घरच्या काट्यावर पीठ तोलून पाहिले. माझी एक शाळूची भाकरी ७० ग्रॅम पिठाची होते, म्हणजे ४७ ग्रॅम कर्बोदकांची; ६० ग्रॅम तांदळाचा भात केला तर त्यातही बरोबर तितकीच असतात. माझ्या सासूबाईंच्या हातची भाकरी १०० ग्रॅमच्या खाली कधी नसे. त्यांना साठीत मधुमेह निघाला, डॉक्टरांनी ‘भात सोडा, भाकरी खा’ म्हटले, आणि त्या दोन्ही वेळा दोन-दोन भाकऱ्या खाऊन ‘सगळं सोडलं तरी शुगर हटेना’ म्हणून आयुष्यभर हळहळत राहिल्या.

आता तर यावर देशव्यापी पुरावा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाने २०२३ साली देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला होता. त्याच अभ्यासाच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक भागानुसार भारतीयांच्या ऊर्जेपैकी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते; आणि पांढऱ्या तांदळाच्या किंवा मैद्याच्या जागी गव्हाचे वा भरड धान्यांचे पीठ घेतले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. हे निष्कर्ष आपण माझ्याआधी वाचले असतील. मग ते कागदावर का उतरत नाहीत?

तिसरी तक्रार ‘कशाचे आहे’ या प्रश्नाच्या अर्धवट उत्तराची. टोरंटो विद्यापीठातील डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ग्लायसेमिक निर्देशांक मांडला, त्याला चार दशके उलटून गेली. ५० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील इतका पदार्थ खायला द्यायचा, पुढचे दोन तास रक्तशर्करा मोजायची आणि शुद्ध ग्लुकोजला १०० धरून तुलना करायची, अशी ती पद्धत. ५५ पर्यंत कमी, ७० आणि त्यापुढे जास्त. पण या आकड्यालाही प्रमाणाची जोड लागतेच. कलिंगडाचा निर्देशांक ७० च्या वर सांगितला जातो, आणि तरीही एका फोडीत कर्बोदके इतकी थोडी असतात की साखर फारशी हलत नाही. शिवाय धान्याचे नाव एकच असले तरी त्याचे काय केले, यावर बरेच ठरते. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून सत्त्व काढले की चोथा फडक्यात राहतो आणि वाटीत पिष्ट उतरते. त्या सत्त्वाची पेज आणि नाचणीची जाडसर भाकरी यांना आपला कागद एकाच शब्दात, ‘नाचणी’, असे म्हणतो. चिकट, मऊ भात आणि दाणा-दाणा सुटा बासमती यांतही पिष्टाच्या जातीचा फरक असतो. शिळ्या भाताचे पिष्ट गार होताना थोडे घट्ट होते व सावकाश पचते, पण हा फायदा लहान आहे आणि त्यावर विसंबून दुप्पट भात खाण्याइतका तर नाहीच नाही.

मी गेले सहा महिने एक वही ठेवली आहे. ग्लुकोमीटरची पट्टी महाग पडते, म्हणून आठवड्यातून दोनदाच, जेवणाच्या आधी एक आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एक, अशी जोडीने तपासणी करते. त्यातल्या चार नोंदी इथे देते (आकडे रक्तशर्करेचे, मिग्रॅ प्रति डेसिलिटरमध्ये). ७० ग्रॅम शाळूची भाकरी, मटकीची उसळ आणि काकडीची कोशिंबीर : १२६ वरून १६८. ६० ग्रॅम तांदळाचा भात आणि पातळ आमटी : १२४ वरून २१२. तेवढाच भात, पण आधी कोशिंबीर आणि वाटीभर उसळ संपवून मग भात : १२९ वरून १८१. एकादशीची साबुदाण्याची खिचडी, बशी भरून : १३१ वरून २५८. हे एका बाईच्या वहीतले आकडे आहेत, त्यांना शास्त्र म्हणण्याचा माझा आग्रह नाही. इस्रायलमधील वाइझमान संस्थेने २०१५ मध्ये ८०० माणसांवर केलेल्या अभ्यासात एकच पदार्थ वेगवेगळ्या माणसांची साखर वेगवेगळी चढवतो असे दिसले, त्यामुळे माझ्या शेजारणीची वही वेगळे सांगेल. मात्र भाजी व प्रथिने आधी आणि कर्बोदके शेवटी, या क्रमाने साखर कमी चढते, हे त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीही मोजले होते. अवघे ११ रुग्ण होते, पण उपायाला दमडी लागत नाही. आपल्या पंगतीत वरणभात पहिला आणि कोशिंबीर चवीपुरती असते. ताट वाढण्याचा क्रम बदला एवढे एक वाक्य कागदावर बसले नसते का?

चौथी तक्रार उपवासाची आहे, आणि ती सांगताना मला अजूनही घाबरल्यासारखे होते. हिरव्या रकान्यात ‘भगर’ आहे, पण उपवास हा शब्द कागदावर कुठेही नाही. ज्या राज्यात आषाढी, संकष्टी, चातुर्मास आणि नवरात्र घरोघरी पाळले जातात, तिथे मधुमेहींच्या आहारतक्त्यात उपवास नसावा हे मला समजत नाही. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदके आणि प्रथिने नावालाही नाहीत. खिचडीत शेंगदाण्याचे कूट पडते तेवढाच काय तो आधार, पण त्यात आपण बटाटाही घालतो. म्हणजे उपवासाच्या दिवशी एकतर साखर आभाळाला भिडते, नाहीतर काहीच न खाल्ल्याने ती तळाला जाते. माझ्या बाबतीत दुसरे झाले.

श्रावणातली संकष्टी होती. सकाळी नऊला नेहमीची गोळी घेतली, खाल्ले फक्त अर्धे केळे. अकराच्या सुमारास देवघरातली समई पुसताना हात थरथरू लागले, घाम फुटला, आणि समोरचे तेलाचे भांडे दोन दिसू लागले. सुनेने मीटर लावला : ५४. कागदावर ‘साखर कमी झाल्यास साखर खावी’ असे बारीक अक्षरात होते, त्याप्रमाणे तिने घाईघाईने तीन चमचे साखरेचे लिंबूपाणी पाजले. पंधरा मिनिटांनी पुन्हा पट्टी : ५७. मी जमिनीवर आडवी, ती रडकुंडीला आलेली. समोर राहणारा मुलगा औषधांच्या दुकानात काम करतो. त्याने गोळ्यांची पट्टी हातात घेतली, नाव वाचले, आणि घरातून ग्लुकोज पावडरीचा पुडा घेऊन पळत आला. पुढच्या पंधरा मिनिटांत साखर ८८ झाली.

माझी गोळी तीन औषधांची मिळून आहे : ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात काही असो वा नसो. उपाशीपोटी साखर पडते ती त्यामुळे. आणि व्होग्लिबोज आतड्यातल्या त्या विकरांना (एन्झाइमांना) अडवते जी पिष्टाचे आणि साखरेचे तुकडे करतात. जेवणानंतर साखर एकदम चढू नये म्हणून हे औषध असते, आणि नेमक्या त्याच कारणाने साखर पडल्यावर चहाची साखर लवकर उपयोगी पडत नाही, कारण ती फोडणारे विकरच अडलेले असते. अशा रुग्णाला थेट ग्लुकोज द्यावे लागते. ही गोष्ट औषधशास्त्राच्या पहिल्या पाठातली आहे असे त्या मुलाने सांगितले. गोळी मी चार वर्षे घेत होते. मला ही गोष्ट कोणीही सांगितली नव्हती. आता मी १५-१५ ग्रॅम ग्लुकोजच्या पुड्या तोलून बांधल्या आहेत : एक देवघरात, एक पर्समध्ये, एक यजमानांच्या स्कूटरच्या डिकीत.

पाचवी तक्रार थोडक्यात. मागच्या पानावरची जाहिरात. ज्या डब्यावर ‘शुगर फ्री’ लिहिले आहे त्याच्या घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्ट तोडून केलेली पावडर) असले, तर साखरेच्या ओळीत फारसे काही दिसत नाही आणि रक्तात मात्र ग्लुकोजसारखाच वेग दिसतो. कायद्याने वेष्टनावर एकूण कर्बोदकांची ओळ छापावीच लागते. रुग्णाला ती वाचायला शिकवणे हे आपले काम आहे. त्याऐवजी डबा विकणाऱ्याची जाहिरात आपल्याच नावाच्या कागदावर छापणे शोभत नाही.

आपली बाजूही मला कळते. एका सकाळी ऐंशी रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना प्रत्येकाची भाकरी तोलता येणार नाही. आम्ही रुग्णही काही सत्यवादी हरिश्चंद्र नसतो. ‘एवढंसं खाल्लं’ म्हणताना आमचे दोन बोटांतले अंतर ताटातल्यापेक्षा नेहमी कमी असते. त्यात कोणी म्हणतो दिवसातून दोनदाच जेवा, कोणी म्हणतो दर दोन तासांनी खा, आणि आम्ही मोबाइलवर दोघांचेही ऐकून गोळ्या मात्र त्याच आणि त्याच वेळी घेत राहतो. पण म्हणूनच तर रुग्णालयाच्या शिक्क्याचा कागद महत्त्वाचा ठरतो. लोक तो फ्रिजच्या दारावर लावतात.

माझ्या मागण्या अशा आहेत.

‘बंद’ आणि ‘चालेल’ हे रकाने काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी आमच्या घरातल्या मापांत प्रमाण लिहावे : किती ग्रॅम पिठाची भाकरी, किती मापाच्या वाटीने भात, किती पोहे, अर्धा आंबा की पाव, आणि प्रत्येकासमोर कर्बोदकांचे ग्रॅम. अक्षर मोठे असावे. हा आजार चाळिशीचा चष्मा लागलेल्यांचा आहे.

उपवासासाठी स्वतंत्र पान असावे, आणि उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती कमी करायची किंवा टाळायची, हे डॉक्टरांनी रुग्णाच्या नावाने स्वतः लिहून द्यावे. ‘उपवास करू नका’ एवढे सांगून हा प्रश्न सुटत नाही. रुग्ण उपवास करतोच, फक्त आपल्याला सांगत नाही.

व्होग्लिबोज किंवा त्याच जातीचे अकार्बोज असलेली गोळी ज्यांना दिली आहे, त्यांच्या चिठ्ठीवर ‘साखर पडल्यास ग्लुकोज पावडर १५ ग्रॅम, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी’ ही ओळ सक्तीने असावी आणि ती घरच्या एका माणसाला वाचून दाखवावी. या मागणीला एक पैसाही खर्च नाही, त्यामुळे ती उद्यापासून अमलात यावी.

आहारतक्त्यावर कोणत्याही खाद्यपदार्थाची वा पावडरीची जाहिरात नसावी.

आणि आहारतज्ज्ञांची वेळ पुन्हा सुरू करावी. त्यासाठी वेगळे शुल्क लावावे लागले तरी चालेल, आम्ही ते भरू. रुग्णाबरोबर घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही आत बोलवावे आणि जेवणाआधी व दोन तासांनी अशी जोडीची नोंद कशी करायची, हे पहिल्याच भेटीत शिकवावे. सहा महिन्यांत भरलेली वही पंधरा मिनिटांत वाचून होते.

माझी पुढची तपासणी पुढच्या महिन्यात बुधवारीच आहे. त्या दिवशी मी माझी वही, घरची वाटी, स्वयंपाकघरातला काटा आणि सकाळी केलेली एक भाकरी डब्यात घेऊन येणार आहे. खोली उघडी नसली तर काउंटरवर ठेवीन.

आपली नम्र,
एक मधुमेही, निवृत्त टपाल कर्मचारी
सांगली जिल्हा